वारा फिरला बघ

नामा, काल तुझ्या शोकसभेत लोक तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले की सभा तुझीच आहे ना, म्हणून मी फोटो पुन्हा बघितला. भला माणूस. पडेल ते काम करणारा. कधी कुणाला उलटून बोलला नाही. संघासाठी झिजला. झिजला म्हणे. अरे, झिजतात त्या चपला. पण बोलणाऱ्यांचा तरी काय दोष? तू जन्मभर पायातच राहिलास.

गेलेल्या माणसाशी असं बोलू नये हे मलाही कळतं. शाळेत पीटीचा मास्तर म्हणून जन्म काढलाय, मयताला कसं उभं राहायचं ते पोरांना मीच शिकवलं. पण तू होतास तोवर मी तुझ्याशी एक दिवस गोड बोललो नाही. आता बोललो तर तुलाच वाटायचं, हा दुसराच कुणीतरी आलाय.

फ्लेक्सवर तुझा फोटो होता. जिल्ह्याच्या टीमच्या जुन्या ग्रुप फोटोतनं तुला कापून काढलेला. शेजारी कॅप्टन उभा होता, त्याचं धड कापलं, पण त्याचा हात तुझ्या खांद्यावरच राहिला. भला मोठा फ्लेक्स, हार, अगरबत्त्या आणि तुझ्या खांद्यावर एक बिनमाणसाचा हात. मी बघत बसलो आणि म्हटलं, बरोबर आहे, ह्याच्यापेक्षा खरा फोटो ह्या माणसाचा निघाला नसता.

सभेला माणसं झाडून आली होती. त्यांतल्या किती जणांनी तुझी बॉलिंग बघितली होती? मी आणि कॅप्टन. बाकीच्यांना तू पवनचक्कीवरचा वॉचमन म्हणून ठाऊक. तुझ्या गावचा सरपंच तुला स्पिनर म्हणाला. मी खुर्चीत वळवळलो, शेजारच्यानं माझ्या मांडीवर हात ठेवला, त्याला वाटलं मला हुंदका आला.

तर आता त्या सगळ्यांना नाही, तुलाच सांगतो तू कोण होतास ते, कारण तुलाही ते कधी नीट कळलं नाही. तू सांगली जिल्ह्याचा सगळ्यात वेगवान बॉलर होतास. कवठे महांकाळच्या माळावर मेंढरांमागं पळून पळून तुझे पाय असे झाले होते की तुझा रनअप बघताना बॅट्समन जागेवरच दमायचा. आपण मॅटवर खेळायचो. खाली मुरूम, वर काथ्याची चटई, कडेनं खिळे ठोकलेले. त्या मॅटवर तुझा बॉल टप्पा पडला की उठायचा तो थेट माझ्या छातीवर. मी तुझा किपर. तुझा वेग कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही, तो माझ्या हातावर लिहिलेला आहे.

आणि एवढा वेग असून तू सगळी कारकीर्द वाऱ्याच्या तोंडावर बॉलिंग केलीस.

आपलं ग्राउंड कॅप्टनच्या वडलांनी साखर कारखान्याशेजारी माळावर करून घेतलेलं. तिथं वारा पश्चिमेचा. पॅव्हेलियनही पश्चिमेला बांधलं, म्हणजे साहेब लोकांची वाऱ्याकडं पाठ आणि चहात धूळ नको. पॅव्हेलियनकडून पळत आलं की वारा पाठीत बसतो, बॉल आपोआप सुटतो. समोर पूर्वेच्या टोकाला बाभळी, तिकडून पळत आलं की तोच वारा छातीवर धोंडा ठेवल्यासारखा. पॅव्हेलियनकडून कोण टाकणार? कॅप्टन. बाभळीकडून? तू. पहिल्या मॅचला ठरलं आणि पुढं कुणी विचारलंसुद्धा नाही. तू तर नाहीच नाही.

पाचगणीला त्या इंग्रजी शाळेच्या टीमशी खेळलो ते आठवतं का? तिथला वारा तर असा की पंचाची टोपी दोनदा दरीकडं निघाली. कॅप्टननं नाणं उडवायच्या आधी बोट ओलं करून वारा बघितला आणि तुला वाऱ्याच्या तोंडाला जुंपलं. दिवसभर तू पळत होतास आणि ती गोरीगोमटी पोरं कॅप्टनला टाळ्या वाजवत होती. चहाच्या वेळी त्यांनी काकडीची सँडविचेस दिली. तू म्हणालास, लय गार लागतंय गड्या काकडीनं. मी म्हटलं, गाढवा, काकडीनं नाही, दिवसभर वारा खाल्लायस म्हणून. तू हसलास आणि माझ्या वाटणीचंही सँडविच उचललंस.

कोयनानगरची मॅच तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. घाटात निम्मी टीम ओकली होती. तुझी ओव्हर चालू असताना जमीन हलली. तिकडं तसं नेहमीचंच, पण आपल्याला काय सवय? स्टंपवरच्या बेल्स खाली पडल्या, मी बुडावर बसलो, बॅट्समन बॅट टाकून जमिनीला हात लावून बसला. पॅव्हेलियनमधली माणसं ओरडत ग्राउंडात आली. आणि तू? तू तिकडं रनअपच्या खुणेवर बॉल घेऊन उभा. कॅप्टनकडं बघून विचारलंस, 'टाकू का?' लोकांनी हा ऐकीव किस्सा काल सभेत तुझी निष्ठा म्हणून सांगितला. मी होतो तिथं. ती निष्ठा नव्हती. तुला कुणी पळायला सांगितलं नव्हतं, म्हणून तू पळाला नव्हतास.

पण हे सगळं मी तुला माफ केलं असतं, नामा. एक दिवस तेवढा माफ होत नाही.

साताऱ्याविरुद्धची मॅच. आपल्याच ग्राउंडवर. राज्याच्या कॅम्पसाठी पोरं निवडायला पुण्याहून एक साहेब आले होते, कोट घालून, एवढ्या उन्हात. त्यांची खुर्ची पॅव्हेलियनमध्ये, कॅप्टनच्या वडलांच्या शेजारी. दुपारपर्यंत नेहमीचं नाटक झालं. कॅप्टननं वारा पाठीत घेऊन दोन विकेट काढल्या, साहेबांनी मान हलवली. तू बाभळीकडून घाम गाळलास, साहेबांनी जांभई दिली.

आणि मग वारा फिरला. उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचे दिवस आले की आपल्याकडं दुपारनंतर हे होतंच. पश्चिमेचा वारा पडतो, क्षणभर पानही हलत नाही, आणि मग पूर्वेकडून धुळीचा लोट उठतो. त्या दिवशी तो बाभळीवरून आला आणि थेट पॅव्हेलियनमध्ये घुसला. साहेबांचा चहा मातीत गेला. तू रनअपच्या खुणेवर उभा होतास आणि पहिल्यांदाच वारा तुझ्या पाठीशी होता. कुणाकडं मागितला नव्हतास. आपला आपण आला होता.

मी मागं सरकलो. तू पळत आलास. तो पहिला बॉल मला दिसलाच नाही रे. माझ्या उजव्या करंगळीवर बसला आणि मागं सीमेपार गेला. करंगळी अजून वाकडी आहे. साताऱ्याच्या बॅट्समननं मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, 'ह्यो दुपारपातूर कुठं हुता?' पुढच्या बॉलला त्याचा मधला स्टंप उखडून माझ्या पायाशी आला. नंतर आलेला तर बॅट टेकवायच्या आधीच पाय बाजूला काढत होता. पुण्याचे साहेब उठून उभे राहिले. खुर्ची स्वतः उचलली आणि चालत निघाले, तुझी बॉलिंग आणखी जवळून बघायला. मी हातातल्या कळा विसरलो. मला वाटलं, निघाला आपला नाम्या. गेला हा पुण्याला.

पॅव्हेलियनकडून आपला एक स्पिनर कशीबशी ओव्हर काढत होता. कॅप्टन मिडऑफला उभा राहून धूळ कुठून येते ते बघत होता. ओव्हर संपली, तू बॉल घेऊन आलास तर तो आधीच बाभळीकडच्या खुणेवर. म्हणाला, 'नामा, दम खा जरा. पुढची पलीकडनं टाक.' आणि हात पुढं केला. बॉल तुझ्या हातात होता. तू तो त्याच्या हातावर ठेवलास. फेकलासुद्धा नाहीस. देवाला नारळ द्यावा तसा ठेवलास.

पंचाकडून टोपी घेऊन तू माझ्या शेजारून चालत गेलास. मी म्हटलं, 'न्हाई म्हण, नाम्या. वारा काय कुणाच्या बापाचा हाय?'

तू थांबला नाहीस. माझ्याकडं बघितलंही नाहीस. म्हणालास, 'असतो रं गड्या.'

संपलं. त्या तीन शब्दांवर तुझी कारकीर्द संपली. वारा पाठीत घेऊन कॅप्टननं उरलेली टीम काढली, साहेबांनी त्याची पाठ थोपटली, तो कॅम्पला जाऊन आला. कॅम्पमधल्या ब्लेझरचा फोटो अजून त्याच्या केबिनमध्ये आहे. तू कारखान्यावर गव्हाणीत ऊस टाकत राहिलास. कारखाना बंद पडला तसा पवनचक्क्यांवर वॉचमन झालास. वाऱ्याच्या तोंडावर जन्म काढलेल्या माणसाला म्हातारपणी वाऱ्याचीच राखण.

त्यावरनं आपण किती भांडलो. तुझं एकच पालुपद. ग्राउंड त्यांचं, मॅट त्यांची, बस त्यांची, नोकरी त्यांनी दिलेली, मग वारा कुणाचा? मी म्हणायचो, मॅट त्यांची असेल, पण तिच्यावर स्टंप उडवणारा तू होतास. तू म्हणायचास, 'जाऊ दे की मास्तर, लय झालं.' जाऊ दे. हा तुझा जप. मी तुझ्याकडून फक्त एक ऐकायला टपलो होतो, की तुला राग आला होता. बॉल देताना, एकदा, आत कुठंतरी. तेवढं कळलं असतं तरी पुरे होतं. कारण तुला राग आलाच नसेल, तर मी एवढी वर्षं कुणासाठी चडफडत होतो? दुसऱ्याच्या अपमानावर स्वतःचं रक्त आटवणारा माझ्यासारखा महामूर्ख मग शोधून सापडायचा नाही.

आणि वर तो तुझा फोन. मोबाइल आल्यापासून दर वर्षी, उन्हाळ्याच्या शेवटी, एखाद्या दुपारी. मी सांगलीत जेवून आडवा झालेलो असायचो. फोन उचलला की ना राम राम, ना खुशाली. 'वारा फिरला बघ.' बस, एवढंच. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. फिरला तर मी काय आरती ओवाळू? तवा फिरला हुता तवा काय केलंस, शेळपटा? गोगलगायीला तुझ्यापेक्षा जास्त कणा असतो. बॉल दिलास ना नेऊन? आता मला कशाला सांगतोस, जा, त्या कॅप्टनला सांग. मी अशी फैर झाडायचो आणि तू पलीकडून हसत फोन ठेवायचास. मला वाटायचं, ह्याला लाज म्हणून नाहीच.

आता कालचं ऐक. सभेनंतर कॅप्टननं सगळ्यांना ग्राउंडवर नेलं. केस पिकलेत, पोट सुटलंय, पण चालणं तेच, पुढं पुढं. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं कोरून आणली होती: 'कै. नामदेव एंड'. मोठ्या मैदानांवर असतात तसं आपल्याकडंही म्हणे, एका टोकाला तुझं नाव. पडदा ओढला, टाळ्या झाल्या. मी सूर्याकडं बघून दिशा पुन्हा तपासली.

दगड पॅव्हेलियनला लावलाय, नामा. पश्चिमेला. ज्या टोकाकडून तू जन्मात टाकलं नाहीस. टाकलंस ते एकच दिवस, वारा फिरल्यावर कॅप्टननं तुला हाकललं तेव्हा. त्या जागेला तुझं नाव दिलंय.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, टोक चुकलंय. कॅप्टन अगदी साळसूदपणे म्हणाला, 'मास्तर, नाम्या कुठल्या बाजूनं टाकायचा हो?' मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. लबाडी करत असता तर परवडलं असतं. त्याला खरंच आठवत नव्हतं. वारा, पुण्याचे साहेब, हातावर ठेवलेला बॉल, काहीच नाही. आपण ज्यावर जन्मभर भांडलो ते त्या माणसाच्या गावीच नव्हतं. मी बाभळीकडं बोट केलं. बाभळी कधीच तोडल्यात, आता तिथं गाड्या लावतात. तो म्हणाला, 'तिकडं कोण बघणार, मास्तर? इथं येणाऱ्या पाहुण्यांना दिसतं तरी.'

मी तोंड उघडलं होतं. जे सुटणार होतं त्यानं तुझ्या शोकसभेचं कुस्तीचं मैदान झालं असतं. तेवढ्यात वहिनींनी मागून माझी बाही धरली. म्हणाल्या, 'ऱ्हाऊ द्या भावजी. दगूड हाय, बसंल तिथं.' मला वाटलं, झालं, नवऱ्याची शिकवण. जाऊ दे, ऱ्हाऊ दे. मी चिडून त्यांनाही बोललो. म्हटलं, वहिनी, तुम्हाला नाही कळायचं, त्यानं आयुष्यात एकदा तरी नाही म्हणायला पाहिजे होतं.

वहिनी मला तिकडं गाड्यांच्या बाजूला घेऊन गेल्या. पदर नीट केला आणि सांगायला लागल्या. मी मध्ये एकही शिवी घातली नाही, ह्याची नोंद घे.

म्हणाल्या, वारा फिरायचा त्या दिवशी तू सकाळपासूनच आभाळाकडं बघत असायचास. वरच्या पठारावर, चक्कीच्या बुडाशी. वारा फिरला की मला फोन लावायचास आणि आवाज मोठा करून दगडावर ठेवायचास. माझ्या शिव्या सुरू झाल्या की हसत हसत बूट घालायचास. शिव्या संपल्या की फोन बंद. आणि मग तू पळायचास. चक्कीच्या बुडापासून कड्याच्या दिशेनं, वारा पाठीत घेऊन, हातात बॉल. तीन दगड उभे केलेस म्हणे स्टंप म्हणून. आणि पलीकडं कड्याच्या अलीकडं कोण? वहिनी. पदर खोचून, बॉल दरीत जाऊ नये म्हणून.

'लागत न्हवतं?' मी विचारलं.

'लागायचं की. पण आवं, कुणीतरी उभं ऱ्हायला नको?'

मग म्हणाल्या, गेल्या वर्षी दम लागायचा तरी टाकलास. आणि पुढं जे बोलल्या ते मी जसंच्या तसं लिहितो.

'शेवटचा बॉल टाकताना वरडायचे बघा. 'न्हाई देत! न्हाई देत जा!' आसं. पार घसा फोडून. मला काय कळंना, काय देत न्हाईत आन् कुणाला. इचारलं तर म्हणायचे, कळतंय ज्याला कळायचं त्याला.'

मी गाड्यांच्या मध्ये उभा राहून रडलो, नामा. पीटीचा मास्तर, एका जीपला हात टेकून. पलीकडं कॅप्टन कुणाला तरी दगडाची पॉलिश दाखवत होता.

म्हणजे राग आला होता. दर वर्षी येत होता. आणि तू तो कुणाला दाखवलास? पवनचक्कीला. दरीला. अरे भित्र्या, ज्याच्या तोंडावर म्हणायचं तो आयुष्यभर खाली केबिनमध्ये बसलेला आणि तू वर पठारावर ओरडतोस? हे मी तुला माफ केलेलं नाही. उगाच गैरसमज नको. त्या बॉलला तू 'नाही' म्हणाला असतास तर तुझा दगड कुठं बसवायचा हा प्रश्नच आला नसता, मीच पुण्याला येऊन तुझी मॅच बघितली असती.

पण एक गोष्ट त्याहून जास्त लागलीय. मला हाक का मारली नाहीस? एवढा फोन करायचास, तर 'ये' म्हणायला काय तोंडात गुळणी होती? सांगलीहून एसटीनं दुपारी निघालो असतो तर उन्हं कलायच्या आत पोचलो असतो. गुडघे गेलेत, पण वाकलो असतो. तुझा किपर मी आहे, ती बाई नव्हे. तिच्या हातावर मी काल बॉलचे जुने वण बघितले, आणि खरं सांगतो, मला तिचा हेवा वाटला.

यंदा अजून वळीव झालेला नाही. काल निघताना मी वहिनींना म्हटलं, वारा फिरला की मला फोन करा. वर येतो. त्या म्हणाल्या, 'करते. पण भावजी, शिव्या द्याव्या लागतील. त्याबिगर ते बूट घालायचे न्हाईत.'

देतो. माळ्यावरचे ग्लोव्हज काढलेत, उंदरांनी एक बोट खाल्लंय, ते नेमकं करंगळीचंच. चालेल. तू खुणेवर उभा राहा. आणि यंदा कुणी आडवा हात पुढं केला तर बॉल द्यायचा नाही, शेळपटा, कळलं का?